पुरुषाच्या मापाची फळी

१९०७ साली जॅक लंडन हा अमेरिकन कादंबरीकार 'स्नार्क' या आपल्या शिडाच्या नौकेतून हवाई बेटांवर पोचला. वाइकिकीच्या किनाऱ्यावर फळीवर उभे राहून लाटेबरोबर येणारी माणसे त्याने पाहिली आणि हे आपणही करून पाहावे असे त्याला वाटले. त्याने एक लहानशी फळी मिळवली आणि उथळ पाण्यात खेळणाऱ्या हवाइयन मुलांच्या हालचालींचे अनुकरण सुरू केले. लाट आली की मुले पाय मारत सुसाट किनाऱ्याकडे निघून जात. लंडन मात्र जागच्या जागी. हा प्रकार बराच वेळ चालल्यावर अलेक्झांडर ह्यूम फोर्ड नावाचा एक उत्साही पत्रकार तेथे आला. त्याने लंडनला ती फळी फेकून देण्यास सांगितले. तिचे टोक तळाला रुतले तर पोट फाटेल, असा धाक घातला, आणि आपली स्वतःची मोठी फळी त्याच्या हाती दिली. ही पुरुषाच्या मापाची आहे, असे फोर्ड त्या वेळी म्हणाल्याचे लंडन लिहितो.

हा लेख प्रथम प्रसिद्ध झाला तो १९०७ च्या ऑक्टोबरमध्ये, 'वूमन्स होम कंपॅनियन' या स्त्रियांच्या मासिकात. पुढे १९११ मध्ये 'द क्रूझ ऑफ द स्नार्क' या प्रवासग्रंथात तो एक प्रकरण म्हणून समाविष्ट झाला आणि इंग्रजीतील सर्फिंगविषयक लेखनाचा जणू आद्य पाठ ठरला. लंडनच्या वर्णनातील हवाइयन तरुण देवासारखा लाटेतून अवतरतो, लेखक त्याची बरोबरी करण्याच्या ईर्षेने पाण्यात उतरतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हाने भाजलेल्या कातडीनिशी अंथरुणाला खिळतो. अभ्यासकांनी या लेखातील वंशविषयक दृष्टीची पुष्कळ चिकित्सा केली आहे. फळीच्या मापाचा मुद्दा मात्र त्या चर्चेत सहसा मागे पडतो. आम्हाला तोच महत्त्वाचा वाटतो.

कारण आज जगाच्या पाठीवर कोठेही सर्फिंग शिकणाऱ्या माणसापुढे काही महिन्यांनी एक प्रश्न हमखास उभा राहतो : शिकाऊ फळी सोडून लहान फळी केव्हा घ्यावी? शिकाऊ फळी आठ-नऊ फूट लांब, रुंद, जाड आणि बहुधा मऊ फोमची असते. तिच्यावरून उतरून सहा-सात फुटांच्या फळीवर जाणे म्हणजे वरच्या वर्गात जाणे, असे सगळेच धरून चालतात. म्हणजे लंडनच्या वाइकिकीत लहान फळी मुलांची आणि मोठी फळी पुरुषाची होती. आज मोठी फळी नवशिक्याची आणि लहान फळी जाणकाराची आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत प्रतिष्ठेची दिशा पूर्ण फिरली. ती कशी फिरली हे पाहिल्यावाचून 'केव्हा घ्यावी' या साध्या व्यावहारिक प्रश्नाचेही नीट उत्तर देता येत नाही, असे आमचे मत आहे.

प्राचीन हवाईत फळ्या लहानही होत्या आणि मोठ्याही, आणि त्या एकाच काळात होत्या, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. 'ओलो' ही सर्वांत लांब आणि जाड फळी. परंपरा तिचा संबंध राजे व सरदार यांच्याशी जोडते. 'अलाया' ही तिच्याहून आखूड, पातळ, पुढून गोलाकार. आणि 'पायपो' ही त्याहूनही लहान, पोटावर पडून वापरायची. ओलोसाठी विलिविलीचे हलके लाकूड, अलायासाठी कोआचे किंवा फणसाच्या कुळातील ब्रेडफ्रूटचे. झाड निवडले की त्याच्या बुंध्याशी तांबडा कुमू मासा ठेवून प्रार्थना करायची, मग कुऱ्हाड चालवायची. तासलेली फळी प्रवाळाच्या खरखरीत तुकड्यांनी घासायची, तिला काळा रंग द्यायचा आणि कुकुईच्या तेलाने चोळायचे, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवलेल्या वर्णनांत आढळते. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आब्नेर पाकी या सरदाराच्या दोन ओलो फळ्या जतन केलेल्या आहेत. त्यांची लांबी चौदा-सोळा फूट आणि वजन दीडशे पौंडांच्या आसपास. अशी फळी नुसती पाण्यापर्यंत नेणे हाही सामर्थ्याचा, किंवा सेवकांच्या संख्येचा, पुरावाच म्हटला पाहिजे.

परंतु सगळा भेद दर्जाचाच होता असे समजणे चुकीचे ठरेल. जॉन पापा ई हे हवाइयन लेखक कामेहामेहा राजघराण्याच्या दरबारात वाढले. १८६० च्या दशकात त्यांनी हवाइयन भाषेतील वृत्तपत्रातून आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत फळ्यांचे प्रकार आहेत आणि कोणती फळी कोणत्या लाटेला चालते याचेही विवेचन आहे. फुगून किनाऱ्याकडे धावणाऱ्या, पण उंच मोडून न पडणाऱ्या लाटेसाठी ओलो. उभ्या राहणाऱ्या आणि मोडणाऱ्या लाटेसाठी अलाया. हे तंत्रज्ञाचे बोलणे आहे. यात लहानपासून मोठ्याकडे किंवा मोठ्यापासून लहानाकडे अशी शिडी नाही. लाट कशी आहे हा पहिला प्रश्न, आणि बसणारा कोण आहे हा दुसरा.

ही व्यवस्था कशी विस्कटली हे सांगताना बहुतेक इंग्रजी ग्रंथ एक ठरावीक कथा सांगतात. १८१९ मध्ये लिहोलिहो या राजाने कापू, म्हणजे धार्मिक निषेधांची जुनी व्यवस्था, मोडली. १८२० मध्ये न्यू इंग्लंडचे मिशनरी आले. खेळ मंदावला, जवळजवळ मेला. आणि मग फोर्ड व लंडन यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. हायरम बिंगॅम या मिशनऱ्याने १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फळ्यांचा वापर कमी झाल्याचे श्रेय वाढत्या विनयशीलतेला, उद्योगप्रियतेला आणि धर्माला दिले आहे. यात एक मोठी गोष्ट झाकली जाते. बाहेरून आलेल्या रोगांनी हवाइयन माणसेच इतक्या संख्येने मेली की १८९० च्या सुमारास त्यांची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास उरली. लाटांवर माणसे कमी दिसू लागली, कारण माणसेच कमी झाली होती. १८९३ मध्ये राजसत्ता उलथवली गेली आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. इसाया हेलेकुनिही वॉकर या हवाइयन इतिहासकाराने २०११ च्या 'वेव्ह्ज ऑफ रेझिस्टन्स' या ग्रंथात असे मांडले आहे की खेळ मेला हे म्हणणेच मुळात चुकीचे. जमीन हातची गेली तरी लाटांचा प्रदेश हवाइयनांनी आपल्याकडे राखला. आम्हाला हे प्रतिपादन पटते. ज्या वाइकिकीत लंडनला फळीचा धडा मिळाला तेथे हवाइयन मुले त्याच्यासमोरच लाटांवरून जात होती, हे त्याच्याच लेखात आहे. जे समोर चालले आहे त्याचे पुनरुज्जीवन कसे करायचे?

मार्क ट्वेन १८६६ मध्ये हवाईत होता. त्यानेही एक फळी घेऊन प्रयत्न केल्याचे १८७२ च्या 'रफिंग इट' मध्ये सांगितले आहे. फळी किनाऱ्याला लागली आणि आपण तळाला, असा त्याच्या हकीकतीचा आशय. ही कला स्थानिकांखेरीज कोणाला साधायची नाही, हा निष्कर्ष. ट्वेनने हात टेकले, लंडनने फळी बदलली. दोघांच्या स्वभावातील फरक एवढ्यावरूनही कळतो.

फोर्डनंतर लंडनला जो गुरू भेटला तो जॉर्ज फ्रीथ. अंशतः हवाइयन वंशाचा, होनोलुलूत जन्मलेला, विलक्षण जलतरणपटू. फ्रीथविषयी अशी आख्यायिका सांगतात की त्याला घरच्या वडीलधाऱ्यांकडून सोळा फुटी जुनी फळी मिळाली, ती आवरेना म्हणून त्याने सरळ तिचे दोन तुकडे केले. आख्यायिकेचे खरेखोटे आपण बाजूला ठेवू. राजवंशीय वस्तू करवतीने अर्धी करण्याची ही प्रतिमा लोकांनी जपून ठेवली, यावरून आखूड फळीचा इतिहास त्यांना कोठून सुरू व्हावासा वाटतो ते समजते. फ्रीथ १९०७ मध्येच कॅलिफोर्नियाला गेला, रेडोंडो बीचवर त्याने प्रात्यक्षिके केली, आणि १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्याचा मृत्यू झाला. ड्यूक काहानामोकू या ऑलिंपिक जलतरणपटूने १९१४-१५ च्या उन्हाळ्यात सिडनीजवळ फ्रेशवॉटर येथे शुगर पाइनच्या लाकडाची फळी तासून घेतली आणि ऑस्ट्रेलियाला हा खेळ दाखवला. ती फळी आजही फ्रेशवॉटरमध्ये आहे.

यानंतरची चाळीस वर्षे फळी फारशी आखूड झाली नाही. ती हलकी झाली. टॉम ब्लेक या अमेरिकनाने १९२६ मध्ये बिशप संग्रहालयातील पाकीच्या फळ्यांची डागडुजी केली आणि त्यांच्या नमुन्यावर फळी बनवताना वजन कमी करण्यासाठी तिला शेकडो भोके पाडली. त्यातून पोकळ फळी आली. १९३५ मध्ये ब्लेकनेच फळीच्या तळाशी सुकाणूसारखे एक पाते बसवले. त्याआधी फळी वळवायची म्हणजे पाय पाण्यात घालून ओढायचा. पाते आल्यावर शेपूट घसरेनासे झाले आणि फळी तिरकी चालवता येऊ लागली. पुढचे सगळे नाट्य या एवढ्याशा पात्यावर उभे आहे. तरी त्या काळात त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

येथे एका स्त्रीची फळी इतिहासात येते. १९४७ च्या उन्हाळ्यात जो क्विग या कारागिराने डॅरिलिन झानक या तरुणीसाठी बाल्सा लाकडाची, १० फूट २ इंचांची, पात्याची फळी बनवली. डॅरिलिन ही हॉलिवूडचे निर्माते डॅरिल झानक यांची कन्या. फळी तिला स्वतः उचलता यावी आणि तिच्या मोटारीत मावावी, एवढाच हेतू. मालिबूच्या लाटांवर ती फळी नेली तेव्हा असे आढळले की पुरुषांच्या जड, अजस्र फळ्या सरळ रेषेत धावत असताना ही 'मुलीची फळी' हवी तशी वळते. मग तेथील नामवंत पुरुष ती उसनी मागू लागले. क्विगने आणखी काही तरुणींसाठी तशाच फळ्या केल्या, आणि काही वर्षांत 'मालिबू' हे नाव त्या जातीच्या सर्व फळ्यांना पडले. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकच्या सुमारास अमेरिकन जीवरक्षकांनी त्या ऑस्ट्रेलियात नेल्या. तेथे आजही लांब फळीला 'मॅल' म्हणतात.

फोर्डच्या 'पुरुषाच्या मापा'नंतर अवघ्या चाळीस वर्षांत हे घडले. विसाव्या शतकातील फळीच्या घडणीला मिळालेले सर्वांत फलदायी वळण एका स्त्रीच्या सोयीतून मिळाले आणि ते पुरुषांनी आपल्या पराक्रमाच्या खाती जमा केले. दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, फ्रेडरिक कोनर या मध्य युरोपातून निर्वासित होऊन आलेल्या पटकथाकाराने आपल्या मुलीच्या मालिबूतील अनुभवांवर 'गिजेट' ही कादंबरी लिहिली. नायिकेचे हे टोपणनाव 'मुलगी' आणि 'बुटकी' या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची सांगड आहे. १९५९ मध्ये तिच्यावर चित्रपट आला आणि किनारे गर्दीने भरले. जुन्या मंडळींनी या गर्दीबद्दल कोनरच्या मुलीला दोष दिला. डॅरिलिनच्या फळीबद्दल आभार मात्र कोणी मानले नाहीत.

आता खरा उत्पात. १९५८ च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमच्या फळ्या मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली होती. फोम तासणे लाकडाच्या मानाने सोपे. नवा आकार करून पाहण्याचा खर्च कमी. १९६६ मध्ये सॅन दिएगो येथील जागतिक स्पर्धा नॅट यंग या अठरा वर्षांच्या ऑस्ट्रेलियन मुलाने जिंकली. त्याच्या फळीचे नाव 'सॅम', लांबी ९ फूट ४ इंच. आज ती लांबच वाटेल. पण ती पातळ होती आणि तिचे पाते मागे झुकलेले, लवचीक होते. त्या काळी फळीच्या नाकावर जाऊन स्थिर उभे राहणे ही परमावधी मानली जाई. यंगने फळी शेपटाकडून जोराने वळवली आणि लाटेच्या पोटात परत परत नेली. ते पाते जॉर्ज ग्रीनो या कॅलिफोर्नियन माणसाच्या प्रयोगांतून आले होते. ग्रीनो स्वतः उभाही राहत नसे. पाच फुटांच्या आसपासच्या फळीवर गुडघे टेकून तो लाटेत अशी वळणे घेई की उभे राहणाऱ्यांना हेवा वाटे. बॉब मॅक्टॅव्हिश या ऑस्ट्रेलियन कारागिराने ती वळणे पाहिली आणि हेच उभ्याने करायचे, असा ध्यास घेतला. १९६७ मध्ये त्याने तळाला इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच-उतार असलेल्या फळ्या केल्या आणि त्या दर महिन्याला आखूड होत गेल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो आणि यंग हवाईत पोचले. सनसेट बीचच्या प्रचंड लाटांत मॅक्टॅव्हिशची रुंद शेपटाची फळी घसरली आणि हसे झाले. माउई बेटावरील होनोलुआ बेमध्ये, नितळ आणि गोलाकार लाटांत, त्याच जातीच्या फळ्यांनी जे केले ते पॉल विट्झिगच्या चित्रफितीतून जगाने पाहिले. माउईवरच डिक ब्रुअर हा कारागीर त्याच सुमारास आखूड, निमुळत्या फळ्या घडवत होता. श्रेय कोणाचे यावर ऑस्ट्रेलिया आणि हवाई यांच्यातील वाद अजून मिटलेला नाही. आमच्या मते तो मिटण्याची गरजही नाही.

पुढच्या दोन-अडीच वर्षांत साडेनऊ-दहा फुटांची फळी सात फुटांवर आणि मग त्याखाली आली. कारखान्यांतील शेकडो लांब फळ्या पडून राहिल्या. कालपर्यंतचे श्रेष्ठ सर्फर एकाएकी जुने ठरले, कित्येकांनी खेळच सोडला. विल्यम फिनेगन या लेखकाची कुमारवयातील वर्षे नेमकी या संक्रमणात गेली. त्याच्या 'बार्बेरियन डेज' या आत्मकथनाला २०१६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. एका पिढीचे शरीर नव्या मापाशी कसे जुळवून घेते हे त्यात वाचायला मिळते. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. आम्हाला हे वाचताना आपल्याकडील वाङ्मयेतिहासाची आठवण होणे अपरिहार्य आहे. नवकथा आली म्हणजे जुनी कथा बाद झाली अशा थाटात आम्ही वर्गात शिकवतो. बाद झालेले कारागीर त्यानंतर काय करत होते, हे अभ्यासक्रमात नसते.

या क्रांतीचे यांत्रिक मर्म थोडे सांगितले पाहिजे, कारण शिकणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे एक लिटर आकारमानाची वस्तू सुमारे एक किलो वजनाचे पाणी बाजूला सारते. शिकाऊ फळीचे आकारमान साठ-सत्तर लिटर किंवा त्याहून अधिक असते. सत्तर किलोचा माणूस तिच्यावर पडला तरी ती बऱ्यापैकी तरंगते, हातांनी वल्हवताना वेग लवकर येतो, आणि लाट अजून उतरती, मऊ असतानाच ती पकडता येते. जाणकाराची आखूड फळी तीस लिटरच्या आसपास. स्थिर पाण्यात तिच्यावर उभे राहिले तर ती बुडणारच. ती माणसाला उचलते ती केवळ वेगामुळे, पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरताना मिळणाऱ्या उचलीमुळे. तो वेग हवा तर लाट उभी, मोडण्याच्या बेतात असताना, नेमक्या जागी आणि एका क्षणात उठून उभे राहता आले पाहिजे. बदल्यात ती लहान त्रिज्येत वळते. म्हणजे लहान फळी ही मोठ्या फळीची सुधारलेली आवृत्ती नव्हे. तिला वेगळी लाट लागते.

हे विसरले तर काय होते ते १९७० मध्येच दिसले. व्हिक्टोरिया प्रांतात जागतिक स्पर्धा होती. ऑस्ट्रेलियन खेळाडू तोपर्यंत सहा फुटांच्या आसपास आणि त्याखालीही उतरले होते. आखूडपणा ही चढाओढच झाली होती. जोहाना येथील मोठ्या, मोकळ्या लाटांत अंतिम फेरी झाली आणि ती रॉल्फ ऑर्नेस या अमेरिकन तरुणाने ६ फूट १० इंचांच्या फळीवर जिंकली. इतरांच्या फळ्या लाटेच्या वेगाला पुऱ्या पडल्या नाहीत. क्रांतीला तीन वर्षे होण्यापूर्वीच तिच्या उद्गात्यांचा पराभव दहा इंचांनी झाला, असे म्हणायला हरकत नाही.

सायमन अँडरसनची गोष्ट याहून बोलकी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मार्क रिचर्ड्‌सने दोन पात्यांच्या आखूड फळीवर लागोपाठ जागतिक विजेतेपदे मिळवायला सुरुवात केली आणि सगळे तसल्याच फळ्या घेऊ लागले. अँडरसन सहा फुटांहून उंच, धिप्पाड. त्याच्या वजनाखाली ती फळी थरथरे, घसरे. आपण फळीला अयोग्य आहोत असे त्याने मानले नाही. १९८० च्या ऑक्टोबरात त्याने तिसरे पाते जोडले, १९८१ मध्ये बेल्स बीचच्या महाकाय लाटांत त्याच फळीवर स्पर्धा जिंकली आणि वर्षाअखेर हवाईतील पाइपलाइनचीही जिंकली. तीन पात्यांची ती 'थ्रस्टर' रचना आजही स्पर्धात्मक सर्फिंगमधील सर्वसामान्य रचना आहे. १९९० च्या दशकात उलट घडले. केली स्लेटरसारखे अलौकिक खेळाडू पातळ, अरुंद, नाक वर उचललेल्या फळ्या वापरीत. दुकानांनी त्याच सर्वांना विकल्या, आणि आठवड्यातून एकदा पाण्यात जाणारे असंख्य लोक दहा वर्षे एकही लाट धड न पकडता घरी परतले. दोष फळीचा, पण शरम त्यांची. आमच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातील ही सर्वांत उदास पाने आहेत.

असो. मग शिकणाऱ्याने काय करावे? पांढऱ्या फेसात नव्हे, तर न मोडलेल्या लाटेवर स्वतःच्या हातांनी पोचता येते का. उठल्याबरोबर फळी उजवी-डावीकडे तिरकी नेता येते का. लाटेच्या पायथ्याशी जाऊन पुन्हा वर वळता येते का. आणि हे दहातल्या सात-आठ वेळा होते का? होत असेल तर फळी बदलण्यात अर्थ आहे. बदल फुटा-दीड फुटाचा असावा. रुंदी आणि जाडी शक्यतो राखावी, लांबी आधी कमी करावी. नऊवरून साडेसात, मग सात. थेट सहावर उडी मारणाऱ्यांपैकी बहुतेक जण काही महिन्यांत जुनी फळी शोधू लागतात. आपण आठवड्यातून किती वेळा पाण्यात जातो, वय काय, खांद्यांत वल्हवण्याचे बळ किती, आणि जवळचा किनारा कसा, हे प्रश्न कौशल्याइतकेच महत्त्वाचे. पापा ई यांचा पहिला प्रश्न येथे पुन्हा उपयोगी पडतो. गोव्यात शिकणाऱ्याला हिवाळ्यात ज्या लहान, सौम्य लाटा मिळतात त्यांवर तीस लिटरची फळी घेऊन बसणे म्हणजे बराच वेळ नुसते बसणेच. आणि नवी फळी घेतली म्हणून जुनी विकू नये, असा सल्ला अनुभवी मंडळी देतात. तो हवाइयन परंपरेला धरून आहे, हे त्यांना ठाऊक असो वा नसो.

लांब फळी १९८० च्या दशकापासून परत आली, मधल्या मापाच्या फळ्या गेल्या पंधरा-एक वर्षांत पुन्हा मानाने वापरल्या जाऊ लागल्या. ऑलिंपिकमध्ये मात्र २०२१ साली झालेल्या टोकियोच्या आणि २०२४ च्या पॅरिसच्या स्पर्धांत केवळ आखूड फळीला स्थान मिळाले. टोकियोत स्त्रियांचे पहिले सुवर्णपदक कॅरिसा मूर या हवाइयन खेळाडूने घेतले.

२००० च्या दशकाच्या मध्यास टॉम वेगेनर या ऑस्ट्रेलियास्थित कारागिराने बिशप संग्रहालयातील जुन्या अलाया फळ्या पाहिल्या आणि पॉलोनियाच्या लाकडाच्या तशाच फळ्या बनवायला घेतल्या. सहा-सात फूट लांब, जेमतेम इंचभर जाड, पाते नाही. त्यांना तरंगण्याची शक्ती जवळजवळ नसते. तीन पात्यांच्या फळीवर आयुष्य काढलेले निष्णात सर्फर त्यांच्यावर चढले, तेव्हा पहिले कित्येक दिवस त्यांना उठून उभेही राहता येईना. त्याच संग्रहालयात राजकन्या काइउलानी यांची कोआच्या लाकडाची अलाया आहे. लांबी सात फुटांहून थोडी अधिक.